समुद्री टँकची साधने निवडताना गेलेले नऊ महिने

फेब्रुवारी 2024 मध्ये आम्ही मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या पाण्यात मुखवटा लावून डोके बुडवले, तेव्हा खडकांना चिकटलेले प्रवाळ आणि त्यांच्या आजूबाजूला वावरणारे मासे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. त्या पाण्याचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, हे होडीवाल्या काकांनी सांगितले आणि तिथून एक शिंपलासुद्धा उचलू नका, असेही बजावले. घरी परतल्यावर माझा आठ वर्षांचा मुलगा रोज त्याच पाण्याविषयी बोलत राहिला, आणि प्रवाळाचा एक छोटा टँक घरात करता येईल का, हा विचार माझ्याही मनातून जाईना. मिळेल तेवढे वाचल्यावर लक्षात आले की बहुतेक माहिती थंड देशांतील, वीज न जाणाऱ्या आणि नळाला मृदू पाणी येणाऱ्या घरांसाठी लिहिलेली आहे. आमचे घर पुण्याच्या पूर्वेला वाघोलीत आहे. तिथे टँकरचे पाणी येते, एप्रिलमध्ये दिवाणखाना 33 अंशांवर जातो आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहते. अशा घरात कोणती साधने लागली, कोणती लागली नाहीत आणि किती खर्च आला, ते मी क्रमाने लिहीत आहे.

4 ऑगस्ट 2024 रोजी मी एक वही आखली. पहिल्या रकान्यात साधनाचे नाव, दुसऱ्यात किंमत आणि तिसऱ्यात एकच प्रश्न लिहिला: हे सहा तास बंद पडले, तर टँकमध्ये काय होईल? मी लेखापाल आहे आणि मला रकाने भरायची सवय आहे, परंतु या तिसऱ्या रकान्याने माझा खरेदीचा क्रमच बदलला. दुकानात सर्वांत आधी दिवे दाखवतात, कारण निळ्या प्रकाशात सगळे सुंदर दिसते. पण दिवा सहा तास बंद राहिला, तर ढगाळ दिवस गेल्यासारखे होते, त्याहून अधिक काही होत नाही. पाण्याची हालचाल सहा तास थांबली, तर मात्र माशांना प्राणवायू कमी पडू लागतो. त्यामुळे दिवा यादीत शेवटी गेला आणि पाणी, तापमान, प्रवाह व वीज हे विषय वर आले.

साधनांच्याही आधी एक प्रश्न कायद्याचा होता, आणि तो टाळून पुढे जाऊ नये असे मला मनापासून वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. बाजारात शोभेसाठी म्हणून मिळणारे पांढरे प्रवाळाचे सांगाडेही त्यातच येतात, मग ते कितीही जुने आणि वाळलेले असोत. मी वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारणा केली आणि 17 दिवसांनी फोन आला. फोनवरील साहेबांनी शांतपणे समजावून सांगितले की अनुसूचीतील काहीही घेऊ नका, बाकी जे घ्याल त्याचे बिल आणि मूळ ठिकाणाची नोंद जपून ठेवा, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात (साइट्स) सूचीबद्ध असलेल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. त्याच दिवशी मी ठरवले की आमच्या टँकमध्ये दगडी प्रवाळ येणार नाहीत, समुद्रातून काढलेला जिवंत खडकही येणार नाही, फक्त मश्रूम आणि लेदर या जातींचे मऊ प्रवाळ येतील आणि तेही बिलासह. या निर्णयाचा साधनांवर थेट परिणाम झाला. मऊ प्रवाळांना मध्यम प्रकाश पुरतो आणि कॅल्शियम रोज मोजून घालावे लागत नाही, त्यामुळे महागडा दिवा आणि डोसिंग पंप हे दोन्ही यादीतून वगळता आले.

टँकचे माप ठरवायला सप्टेंबर उजाडला. नवख्या माणसाने लहान टँक घ्यावा असे सहज वाटते, पण कमी पाण्यात प्रत्येक बदल लवकर आणि मोठा होतो. आम्ही 36 इंच लांब, 18 इंच रुंद आणि 18 इंच उंच टँक निवडला, ज्यात काठोकाठ 191 लिटर पाणी मावते. खाली 24 इंचांचा संप, म्हणजे जिथे पाणी उतरते, गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर जाते ती टाकी. खडकांची जागा वजा करून दोन्ही मिळून चालते पाणी सुमारे 200 लिटर. काच, खडक आणि लोखंडी स्टँड धरून वजन 300 किलोच्या वर जाणार होते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि निवासी खोलीचा स्लॅब साधारणतः दर चौरस मीटरला 200 किलो भारासाठी धरलेला असतो, म्हणून 9 सप्टेंबरला सोसायटीला पत्र दिले. समितीची बैठक 29 तारखेला झाली आणि ओळखीच्या स्थापत्य अभियंत्याचे दोन ओळींचे पत्र जोडल्यावर 3 ऑक्टोबरला परवानगी मिळाली. अभियंत्यांचा सल्ला असा होता की टँक खोलीच्या मधोमध न ठेवता बीमला लागून, भिंतीच्या कडेने ठेवावा आणि पायांऐवजी स्टँडला पूर्ण लांबीची पट्टी असावी. जागा उन्हापासून दूर, पण जवळ प्लगपॉइंट आणि मोरी असलेली हवी, हे मी माझ्या बाजूने जोडते, कारण पुढे प्रत्येक पंधरवड्याला तिथून 20 लिटर पाणी काढायचे असते.

टँक बनवणाऱ्या काकांनी 10 मिलिमीटर काच सुचवली आणि दिवाळीमुळे वेळ लागेल असे आधीच सांगितले. टँक, संप आणि पावडर कोटिंग केलेला स्टँड मिळून 24,000 रुपये झाले. 16 नोव्हेंबरला सगळे घरी आले. सिलिकॉन सुकून आठवडा झालेला होता, तरीही दोन दिवस साधे पाणी भरून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपाच्या दारात ओल दिसली. वरचे पाणी संपात उतरवणाऱ्या पाइपाची काचेतली जोडणी म्हणजे बल्कहेड, तिचा रबरी वायसर नटाच्या बाजूला बसवला गेला होता. तो पाण्याच्या बाजूला, रुंद कडेखाली बसवला की गळती थांबते. खारे पाणी भरल्यावर हे कळले असते, तर काम दसपट वाढले असते, म्हणून ही दोन दिवसांची चाचणी कोणीही वगळू नये.

त्याच आठवड्यात विजेचा खेळ समजून घेतला. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे पाणी पाइपातून उलटे खाली येते. आमच्या टँकची पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर 4 लिटरहून थोडे अधिक पाणी संपात येते. परतीच्या पाइपाचे तोंड पातळीखाली चार सेंटिमीटर होते, त्यामुळे पहिल्या चाचणीत टँकमधले सुमारे 17 लिटर पाणी खाली आले आणि संप अगदी काठापर्यंत भरला. तोंड पातळीखाली एकच सेंटिमीटर ठेवून फेरचाचणी केली, तेव्हा पाइपांतले धरून सहा लिटर आले. संपावर त्या दिवशी काळ्या मार्करने एक रेघ ओढली, जिच्या वर चालू स्थितीत पाणी कधीही भरायचे नाही. ती रेघ या संपूर्ण टँकमधले सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

परतीच्या पंपाबाबत एक अनुभव सांगते. खोक्यावर ताशी 2500 लिटर लिहिलेले असते, पण तो आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी सव्वा मीटर वर चढवताना, दोन कोपरे ओलांडून, आमचा पंप प्रत्यक्षात ताशी 1100 लिटर देतो, हे मी बादली आणि घड्याळ घेऊन मोजले. एवढा प्रवाह पुरेसा आहे, कारण संपातून तासाला चार-पाच वेळा पाणी फिरले तरी चालते. प्रवाळांना लागणारी खरी हालचाल टँकच्या आतला वेव्हमेकर करतो. तो 24 व्होल्टचा घ्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन, कारण तो बॅटरीवर चालू शकतो आणि केवळ 15 वॅट घेतो. पंप 5,600 रुपयांना आणि वेव्हमेकर 4,800 रुपयांना मिळाला.

आता पाण्याकडे येते, कारण या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त शिकवले ते पाण्याने. टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, 640 होता. स्वयंपाकघरातील आरओचे पाणी वापरता येईल असे मी गृहीत धरले होते, पण मीटरने 85 दाखवले. आपल्याकडच्या घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, आणि त्या मिसळलेल्या पाण्यातून नायट्रेट, सिलिकेट व इतर क्षार टँकमध्ये जातात, ज्यांवर शेवाळ पोसते. म्हणून बूस्टर पंप असलेले स्वतंत्र आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणारी डीआय रेझिनची नळी असा संच 8,200 रुपयांना घेतला. त्यातून शून्य टीडीएसचे पाणी तासाला सुमारे 10 लिटर मिळते. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर वाया जाते, आणि टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हे मला सहन होईना. ते पाणी दोन पिंपांत साठवून फरशी, गाडी आणि संडासासाठी वापरायचे, असा नियम घरात केला. टँकसाठी 200 लिटर पाणी जमवायला तीन शनिवार-रविवार गेले.

1 डिसेंबरला मीठ मिसळले. समुद्री मीठ म्हणजे स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट योग्य प्रमाणात असतात. लिटरला साधारण 36 ग्रॅम या हिशेबाने 200 लिटरसाठी सव्वासात किलो लागले, आणि 20 किलोची पिशवी 5,400 रुपयांना पडली. क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, मोजायला तरंगणाऱ्या काट्याचा हायड्रोमीटर न घेता रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. तो मी आधी शुद्ध पाण्याने शून्यावर लावला आणि 35, म्हणजे समुद्राइतके हजार भागांत 35 भाग मीठ, हा आकडा पाहून समाधानाने झोपले. दुसऱ्या दिवशी 35 चे प्रमाणित द्रावण टाकून पाहिले, तर यंत्र 37 दाखवत होते, म्हणजे माझे पाणी प्रत्यक्षात 33 च्या आसपासच होते. साडेचारशे रुपयांची ती बाटली यंत्राइतकीच आवश्यक आहे.

स्किमर हे यंत्र पाहिल्यावर अनेकांना अनावश्यक वाटते, कारण गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते नसते. खाऱ्या पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे टिकतात, सेंद्रिय मळ त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि फेस होऊन वरच्या कपात जमा होतो. तो सडण्याआधीच बाहेर निघतो आणि बुडबुड्यांमुळे पाण्यात प्राणवायूही मिसळतो. तिसऱ्या रकान्यात मी त्याच्यापुढे ‘सहा तास चालेल, सहा दिवस नाही’ असे लिहिले आहे. आमचा स्किमर 11,500 रुपयांचा आहे. पहिला आठवडा तो वेड्यासारखा फेसाळत होता, नंतर आपोआप स्थिरावला. तोवर त्याच्या सेटिंगला सतत हात लावू नये.

खडक म्हणून सच्छिद्र सिरॅमिकचे 18 किलो तुकडे घेतले आणि तळाला बिलासह आयात केलेली अरॅगोनाइट वाळू घातली. दोन्ही मिळून 9,800 रुपये झाले. माशांच्या मळातून होणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू टँकमध्ये आधी वसावे लागतात, म्हणून 15 डिसेंबरला बाटलीतले जिवाणू आणि त्यांचे खाद्य म्हणून मोजून अमोनियम क्लोराइड टाकले. कोरड्या खडकावर जिवाणूंची वस्ती व्हायला वेळ लागतो. अमोनिया 9 जानेवारीला शून्यावर आला आणि नायट्राइट 27 जानेवारीला, म्हणजे 43 दिवस आमच्याकडे फक्त पाणी आणि दगड होते. मुलगा रोज शाळेतून येऊन विचारायचा, “आई, आज तरी मासा आणायचा का?” या काळात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कॅलिनिटी हे पाच टेस्ट किट लागले. ते 7,200 रुपयांचे आहेत आणि त्यांवरची मुदत पाहूनच घ्यावेत, कारण मुदत संपलेल्या किटने आम्हाला एकदा आठवडाभर चुकीचा आकडा दाखवला. दिवा या 43 दिवसांत एकदाही लावला नाही, त्यामुळे शेवाळ फारसे आले नाही.

जानेवारीत आमचा दिवाणखाना पहाटे 18 अंशांवर होता. हीटरसाठी मी 200 वॅटचा एक न घेता 100 वॅटचे दोन घेतले आणि ते बाहेरच्या तापमान नियंत्रकाला जोडले. हीटरचा आतला थर्मोस्टॅट बिघडला, तर तो बहुधा चालू स्थितीत अडकतो आणि पाणी तापत राहते. लहान हीटर एकटा पाणी उकळवू शकत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र निभावून नेतो. याच वेळी वीजतंत्रीकडून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. तो म्हणाला, “मॅडम, खारं पाणी आणि वीज एकत्र असली की हा पाहिजेच.” प्रत्येक वायर प्लगच्या खाली एक वळण घेऊन वर गेलेली असावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब वळणातच खाली पडतो. पितळी नळ किंवा तांब्याची जोडणी कुठेही नसावी, कारण अगदी थोडे तांबेसुद्धा प्रवाळ आणि गोगलगायी मारते.

16 फेब्रुवारी 2025 रोजी पैदास केंद्रात जन्मलेले दोन क्लाऊनफिश आणले. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही या माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे, हे वाचून मला फार बरे वाटले होते, कारण समुद्रातून न पकडलेला मासाच घ्यायचा हे मी आधीपासून ठरवले होते. तीन आठवडे ते 40 लिटरच्या वेगळ्या टबमध्ये राहिले आणि 9 मार्चला टँकमध्ये आले.

दिवा मी मार्चमध्ये घेतला. दुकानात 38,000 आणि 13,500 रुपयांचे दोन दिवे समोर ठेवले गेले. एका ओळखीच्या दादांनी त्यांचा पार मीटर, म्हणजे प्रवाळांना उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे यंत्र, रविवारपुरता वापरायला दिला. फोनवरच्या अॅपचे आकडे निळ्या प्रकाशात भरवशाचे नसतात, म्हणून हे मोजमाप महत्त्वाचे ठरले. स्वस्त दिव्याने 40 टक्के तेजावर तळाशी 70 आणि खडकाच्या माथ्यावर 140 दाखवले. मऊ प्रवाळांना साधारण 50 ते 150 लागते. त्यामुळे 24,500 रुपये वाचले, आणि ते चिलरकडे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडे, गेले.

चिलरशिवाय भागेल का, हे पाहण्यासाठी मी महिनाभर थांबले. संपावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी अडीच अंश थंड होते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. दमट मुंबईत त्याचा गुण कमी येतो. मात्र रोजचे बाष्पीभवन दोन लिटरवरून पाच लिटरवर गेले. उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून भरायचे ते गोडे डीआय पाणी, आणि ते हाताने दिवसातून एकदा भरले तर क्षारता रोज वर-खाली होते. 3,600 रुपयांचे स्वयंचलित पाणीभरणी यंत्र तेव्हा घेतले. 5 एप्रिलला पंखा चालू असूनही पाणी 29.4 अंशांवर गेले, आणि त्या आठवड्यात एक दशांश अश्वशक्तीचा चिलर 23,500 रुपयांना घेतला. तो बंद कपाटात ठेवू नये. त्याच्या मागून निघणारी गरम हवा बाहेर जायला हवी. मे महिन्यात आमचे वीजबिल सुमारे 110 युनिटांनी वाढले, हेही आधी विचारात घ्यावे. किरकोळ प्लंबिंग धरून साधनांचा एकूण खर्च 1,29,750 रुपये झाला.

20 एप्रिलला दोन मश्रूम आणि एक लेदर प्रवाळ आले. झोआंथिड या रंगीत आणि चिवट प्रवाळाची शिफारस बहुतेक जण करतात, पण त्यांच्या काही जातींत अत्यंत तीव्र विष असते आणि घरात लहान मूल आहे, म्हणून मी ते घेतले नाहीत. मश्रूमही मी हातमोजे घालूनच हाताळते.

15 मे रोजी, गुरुवारी, सकाळी दहाला वीज गेली आणि पाच वाजता आली. सात तास. घरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे आणि त्यावर टँकमधले फक्त वेव्हमेकरच जोडलेले आहे. चिलर, पंप, स्किमर, दिवा सगळे थांबले. मी कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आले होते आणि दर तासाला वहीत आकडा लिहीत होते. पाणी 25.6 अंशांवरून 27.1 वर गेले. संपातले पाणी काळ्या रेघेच्या वर सहा लिटरच आले आणि तिथेच थांबले. मासे वेव्हमेकरच्या प्रवाहात तोंड करून उभे होते. मश्रूम दुपारी आक्रसून नाण्याएवढे झाले होते. वीज आल्यावर पंप पुन्हा सुरू झाला, पाइपातून हवा निघाल्याचा आवाज झाला, आणि रात्री साडेआठला मुलाने मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले, तेव्हा दोन्ही मश्रूम पूर्ण उमलले होते. त्या दिवसाची शेवटची नोंद त्याच्या अक्षरात आहे: “उघडले. 8.30.”